जुन्या सिनेमातल्या ‘मुंग्या’ पुसायच्या की ठेवायच्या? घरच्या टीव्हीसाठी पायरीपायरीने

नवा ५५ इंची टीव्ही भिंतीवर लागतो, घरातलं कुणीतरी हौसेनं जुना सिनेमा लावतं आणि दहा मिनिटांत प्रश्न येतो, “अरे, मुंग्या का येतायत?” मग केबल हलवून बघ, बॉक्स बंद करून चालू कर, टीव्हीवाल्याला फोन लाव. तो येतो, रिमोटवर दोन-चार बटणं दाबतो आणि मुंग्या गायब. सगळे खूश. नायकाच्या दाढीचे खुंट, म्हातारीच्या सुरकुत्या आणि नऊवारीच्या काठाची नक्षी त्याच बटणांत गेली, याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

जुळे सोलापूरपासून सात रस्त्यापर्यंत पाहुण्यांचे आणि मित्रांचे टीव्ही लावून देणं हा माझा बिनपगारी उद्योग आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून क्रमानं लिहून ठेवतोय. पहिल्यांदाच मोठा टीव्ही, ब्लू-रे प्लेअर किंवा फोर-केचा ओटीटी प्लॅन घेतला असेल आणि जुने सिनेमे नीट बघायचे असतील, तर हे तुमच्यासाठी. क्रिकेट आणि बातम्याच बघणार असाल तर तिसरी पायरी तेवढी वाचा, बाकी सोडून द्या.

हाताशी काय काय ठेवायचं

- टीव्हीचा मॉडेल नंबर. मागच्या स्टिकरवर असतो. टीव्ही भिंतीला चिकटवण्याआधीच फोटो काढून ठेवा.
- टीव्हीचा मूळ रिमोट. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटनं पिक्चर मेनू उघडत नाही.
- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर, त्यावर व्हीएलसी (व्हिडिओ चालवणारं) आणि मीडियाइन्फो (फाईलची माहिती दाखवणारं). दोन्ही फुकट मिळतात.
- एक एचडीएमआय केबल. फोर-के प्लेअर असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा त्यावरची घ्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलनं चित्र सुधारत नाही. नवी पेठेतल्या दुकानदारानं कितीही सांगितलं तरी.
- एक वही. सेटिंग बदलण्याआधी जुने आकडे लिहून ठेवायला.

१. मुंग्या म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

अँटेनाच्या काळात टीव्हीवर मुंग्या यायच्या, कारण सिग्नल कमी पडायचा. जुन्या सिनेमात दिसणारे कण तसे नाहीत. फिल्मच्या पट्टीवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडून फिल्म धुतली गेली की त्या स्फटिकांची काळी चांदी होते. कृष्णधवल सिनेमात आपण बघतो ती हीच चांदी. रंगीत फिल्ममध्ये चांदी शेवटी काढून टाकतात आणि तिच्या जागी रंगाचे छोटे ठिपके उरतात. या कणांनाच ग्रेन म्हणतात. चित्रावर नंतर ग्रेन पडलेला नसतो. चित्र बनलेलंच त्याचं असतं. तो काढला तर खाली स्वच्छ चित्र सापडेल, असं काही नाही.

प्रत्येक फ्रेममध्ये कण वेगळ्या जागी असतात. सेकंदाला २४ फ्रेम पळतात, म्हणून ते थरथरताना दिसतात.

कुठे जास्त, कुठे कमी, यालाही कारणं आहेत. कमी प्रकाशात चालणाऱ्या ‘फास्ट’ फिल्मचे स्फटिक मोठे, म्हणून रात्रीच्या प्रसंगात ग्रेन जास्त. १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर काढून ३५ मिमीवर मोठा केलेला सिनेमा जास्त दाणेदार. मूळ निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, त्यावरून दुसरी निगेटिव्ह, त्यावरून थिएटरची प्रिंट, अशा प्रत्येक पिढीत नव्या फिल्मचा ग्रेन आधीच्या ग्रेनवर चढतो.

आपल्याकडच्या सिनेमांत हे जास्त जाणवतं. परकीय चलनाची टंचाई होती तेव्हा कच्ची फिल्म मोजूनमापून मिळायची. पूर्व जर्मनीची ऑर्वो आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची कृष्णधवल ‘इंदू’, अशा वेगवेगळ्या फिल्म वापरात होत्या. शिवाय कित्येक सिनेमांची मूळ निगेटिव्ह आज शिल्लक नाही. हाताशी असते ती झिजलेली प्रिंट, आणि तिच्यावरूनच नवी आवृत्ती करावी लागते. सोलापुरात भागवत किंवा प्रभात थिएटरला पडद्यावर सिनेमे बघितलेली मंडळी म्हणतात, “तेव्हा तर असं दिसत नव्हतं.” तेव्हाही होतं. प्रोजेक्टरचा प्रकाश मऊ होता, चित्र जागच्या जागी किंचित हलायचं आणि आपण पडद्यापासून लांब होतो. आजचा एलईडी टीव्ही एकेक कण टोकदार करून सात फुटांवर आणून ठेवतो.

२. ग्रेन, नॉईज आणि कॉम्प्रेशनचा कचरा वेगवेगळा ओळखा

नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. तिन्ही गोष्टींना लोक ‘मुंग्या’च म्हणतात आणि तिन्हींवर एकच औषध देतात.

ग्रेन बारीक असतो, सगळ्या चित्रभर असतो, सतत हलतो, आणि सर्वांत ठळक दिसतो तो मधल्या छटांत: राखाडी भिंत, आभाळ, कपाळ, गाल. अगदी काळ्या आणि अगदी पांढऱ्या भागात तो कमी जाणवतो.

डिजिटल नॉईज कॅमेऱ्याच्या सेन्सरमधून येतो. तो अंधारात साचतो. काळ्या कोपऱ्यात जांभळट-हिरवट डाग वळवळताना दिसले तर तो नॉईज. मोबाईलवर रात्री काढलेले व्हिडिओ आठवा. व्हीएचएस कॅसेटवरचा रंगाचा चिकट थर आणि आडव्या रेघा हाही नॉईजच.

कॉम्प्रेशनचा कचरा तिसराच. अक्षरांभोवती घोंगावणारे ठिपके, धुरात चौकोनी ठोकळे, संध्याकाळच्या आभाळात पायऱ्यांसारखे पट्टे. डेटा कमी पडला की असं होतं. ग्रेन आणि हा कचरा यांचं एकमेकांशी वाकडं आहे. व्हिडिओ लहान करताना कॉम्प्युटर मागच्या फ्रेममधला सारखा भाग पुन्हा वापरतो; ग्रेन दर फ्रेमला नवा असल्यामुळे त्याला सारखं काही सापडतच नाही. डेटा भरपूर असेल तर ग्रेन टिकतो, नाहीतर त्याचे ठोकळे होतात.

एक गंमत सांगतो. पूर्ण डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेल्या सिनेमातही ग्रेन दिसू शकतो, कारण तो मुद्दाम आणलेला असतो. २०२१ चा ‘ड्यून’ डिजिटल कॅमेऱ्यावर काढला, मग ३५ मिमी फिल्मवर उतरवला आणि पुन्हा स्कॅन केला.

३. आधी तुमचा टीव्ही सरळ करा

डिस्कला किंवा ओटीटीला नावं ठेवण्याआधी हे करा. दहातल्या सात-आठ तक्रारी माझ्याकडे इथेच मिटतात.

पहिलं, पिक्चर मोड. टीव्ही बसवणारा माणूस बहुतेक वेळा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ ठेवून जातो, कारण दुकानाच्या लखलखाटात तोच उठून दिसतो. तो बदलून ‘फिल्ममेकर मोड’ निवडा. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा मोड सिनेमासाठीच आहे. टीव्हीची धार वाढवणं, नॉईज काढणं, हालचाल गुळगुळीत करणं हे सगळं तो बंद ठेवतो. तुमच्या टीव्हीत नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ घ्या. सुरुवातीला चित्र पिवळट आणि मंद वाटेल. दोन-तीन सिनेमे होऊ द्या, मग जुना मोड लावून बघा. निळा वाटेल.

मग एकेक बटण तपासा. सॅमसंगमध्ये ‘नॉईज रिडक्शन’ किंवा जुन्या टीव्हीत ‘डिजिटल क्लीन व्ह्यू’. एलजीमध्ये ‘नॉईज रिडक्शन’, ‘एमपेग नॉईज रिडक्शन’, ‘सुपर रिझोल्युशन’. सोनीमध्ये ‘रँडम नॉईज रिडक्शन’, ‘डिजिटल नॉईज रिडक्शन’, ‘रिॲलिटी क्रिएशन’. जुना सिनेमा चांगल्या डिस्कवरून बघताना सगळं बंद. केबलवरच्या वाहिन्या किंवा व्हीसीडी बघताना ‘एमपेग नॉईज रिडक्शन’ ‘लो’वर असेल तर माझी हरकत नाही, तिथे वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

शार्पनेस. सॅमसंगवर शून्याच्या आसपास, एलजीवर शून्य ते दहा, सोनीवर ५० म्हणजे ‘काही केलेलं नाही’. सोनीवर शून्य केलंत तर चित्र उलट धुरकट होईल. शार्पनेसनं तपशील वाढत नाही. कडेला पांढरी रेघ ओढली जाते आणि ग्रेन खडबडीत होतो. ‘ग्रेन फारच दिसतोय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या टीव्हीवर शार्पनेसच चढवलेला असतो. तो उतरवला की निम्मी तक्रार तिथेच संपते.

हालचाल गुळगुळीत करणारं बटण: सॅमसंगचं ‘ऑटो मोशन प्लस’ (नव्या टीव्हीत ‘पिक्चर क्लॅरिटी’), एलजीचं ‘ट्रूमोशन’, सोनीचं ‘मोशनफ्लो’. हे दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची फ्रेम रचून घालतं. थरथरणाऱ्या ग्रेनमधून ते काय रचणार? चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो आणि हात हलला की त्याभोवती हवा वितळल्यासारखी दिसते. बंद करा.

आता सापळे. सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी असते. एचडीएमआय १ ला केलेली सेटिंग एचडीएमआय २ ला किंवा टीव्हीतल्या ॲपना लागू होईलच असं नाही. त्यातही साधा व्हिडिओ, आणि उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणारे एचडीआर व डॉल्बी व्हिजन, यांचे मोड वेगवेगळे. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तसला सिनेमा लावून, तो चालू असतानाच मेनू उघडावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं. दुसरा सापळा प्लेअरचा: काही ब्लू-रे प्लेअरमध्येही नॉईज काढायची स्वतःची सोय असते, तीही बंद करा. आणि टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की पुन्हा एकदा बघून घ्या. वही त्यासाठीच आहे.

४. खोली आणि अंतर

आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन टीव्हीवर पडत असेल तर ग्रेनचं सोडा, काहीच दिसत नाही. खिडकीवर एक जाड सोलापुरी चादर टाका. महागडे ब्लॅकआऊट पडदे लागत नाहीत. टीव्हीसमोरची ट्यूब बंद, मागे एखादा मंद दिवा चालेल.

बसण्याचं अंतर पडद्याच्या कर्णाच्या दीडपट धरा. ५५ इंचाला साधारण सात फूट. ४३ इंची टीव्ही बारा फुटांवरून बघणार असाल तर फोर-के डिस्कवर जास्तीचे पैसे घालू नका. तेवढा तपशील डोळ्यापर्यंत पोचतच नाही.

५. सिनेमा कुठून येतोय ते बघा

तोच सिनेमा पाच ठिकाणी पाच वेगवेगळे सिनेमे असतो. मराठीत तर व्हीसीडीची एक अख्खी पिढी आहे. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ आणि डेटा सेकंदाला साधारण सव्वा मेगाबिट. त्यात ग्रेन शोधू नका. डीव्हीडी ७२० गुणिले ५७६, व्हिडिओला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट. ब्लू-रे १९२० गुणिले १०८० आणि ४० मेगाबिटपर्यंत. फोर-के ब्लू-रेवर सगळा डेटा मिळून १२८ पर्यंत जातो. ओटीटीचं बघा: नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरेसं म्हणतं, १०८० साठी ५. कागदावर दोन्ही फोर-के, पण डिस्कवरून टीव्हीपर्यंत येणारा डेटा कितीतरी पट.

म्हणून ओटीटीवर ग्रेन बरेचदा आधीच कमी केलेला असतो, किंवा ठोकळ्यांत विरघळलेला असतो. अलीकडे व्हिडिओ लहान करायच्या एव्ही१ नावाच्या पद्धतीत वेगळी युक्ती आहे: ग्रेन काढून चित्र पाठवायचं, सोबत ग्रेन कसा होता त्याचं वर्णन पाठवायचं आणि टीव्हीनं तसाच नवा ग्रेन चढवायचा. नेटफ्लिक्सनं तसं सुरू केलंय. तो मूळ ग्रेन नव्हे, त्याची नक्कल असते. तरी मेणचट चेहऱ्यापेक्षा मला ती चालते.

ओटीटीवर निकाल देण्याआधी तीन गोष्टी बघा. तुमचा प्लॅन कोणता? नेटफ्लिक्सचा मोबाईल प्लॅन ४८० वर आणि बेसिक ७२० वर थांबतो; फोर-के फक्त प्रीमियममध्ये. सिनेमा सुरू होऊन एक मिनिट झालं का? पहिल्या काही सेकंदांत चित्र मुद्दाम हलकं येतं. आणि संध्याकाळी अख्खी सोसायटी एकाच वेळी ओटीटी बघतेय का? तोच प्रसंग सकाळी लावून बघा.

यूट्यूबवर जुने मराठी सिनेमे भरपूर आहेत, आणि ते आहेत याचा मला आनंदच आहे. पण शीर्षकात ‘फोर-के’ लिहिलं म्हणजे फिल्म पुन्हा स्कॅन केली, असा अर्थ होत नाही. बऱ्याचदा डीव्हीडीचीच जुनी प्रत ताणून मोठी केलेली असते. ओळखायचं कसं? लांबच्या दृश्यातल्या लोकांच्या चेहऱ्यांकडे बघा. डोळे-नाक नसलेले गोळे दिसले तर ती डीव्हीडी आहे, नाव काहीही असो.

६. डीएनआर पकडा

डीएनआर म्हणजे डिजिटल नॉईज रिडक्शन. ते दोन प्रकारे चालतं. एकात प्रत्येक फ्रेममधले शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून सपाट करतात. दुसऱ्यात मागच्या-पुढच्या फ्रेमची तुलना करून जे एकाच फ्रेममध्ये आलं आणि गेलं ते ‘घाण’ समजून पुसतात. धूळ, ओरखडे काढायला दुसरी पद्धत खरंच उपयोगी आहे, आणि जाणकार माणूस हलक्या हातानं वापरतो तेव्हा आपल्याला कळतही नाही. घोळ होतो तो हात जड पडला की. आपल्या शेंगा चटणीचं बघा ना: उखळात कुटलेलीचा दाणा जिभेला लागतो, मिक्सरमध्ये फार फिरवली की तेल सुटून लगदा होतो. जिन्नस तेच असतात.

कंपन्या हे का करतात? काही ठिकाणी जुनी डीव्हीडीच्या काळातली प्रत नव्या डिस्कवर खपवायची असते आणि तिचा खडबडीतपणा लपवायचा असतो. काही ठिकाणी ‘नव्या टीव्हीवर जुनं दिसता कामा नये’ असं कुणीतरी ठरवलेलं असतं. शिवाय सपाट चित्र कमी डेटात बसतं.

परीक्षा अशी घ्या. तुमच्याकडे सिनेमाची फाईल किंवा डीव्हीडी असेल तर व्हीएलसीमध्ये लावा, एखाद्या संथ प्रसंगात थांबवा आणि कीबोर्डवरचं ‘ई’ अक्षर दाबत एकेक फ्रेम पुढे जा. मागच्या भिंतीकडे बघा. कण प्रत्येक फ्रेमला बदलतायत? ठीक आहे. कण भिंतीला चिकटून तसेच राहतायत आणि माणूस त्यांच्या पुढून सरकतोय? हे डीएनआर. काचेवर धूळ बसल्यासारखं दिसतं ते. माणसानं मान वळवली आणि जुन्या जागी त्याची पुसट सावली एक-दोन फ्रेम रेंगाळली, तरी तेच.

ओटीटीवर फ्रेम-फ्रेम जाता येत नाही. तिथे चेहऱ्याचा जवळचा शॉट शोधा. गाल मेणाचा, भुवया मात्र रेखीव. केसांची एकेक बट नाही, एकच काळा गठ्ठा. खादीच्या सदऱ्याला वीण नाही. मग गर्दीचा शॉट बघा. आपल्या जुन्या संतपटांत पंढरपूरच्या वाळवंटातली दिंडी हमखास असते. पताका, टाळ, लांबवर धूळ. डीएनआरला धूळ, पाऊस, उडणारा गुलाल आणि ग्रेन यांतला फरक कळत नाही. दिंडी चालतेय आणि पायाखालून धूळ उठत नाही, असं दिसलं तर समजून जा.

सपाट झालेलं चित्र मऊ दिसतं, म्हणून त्यावर पुन्हा धार चढवतात. काळ्या कोटाच्या खांद्याभोवती पांढरी रेघ किंवा देवळाच्या कळसाभोवती उजळ कडा दिसली तर हे दोन्ही उपचार एकापाठोपाठ झालेत.

माझी सगळ्यात आवडती खूण मात्र वेगळी आहे. जुन्या सिनेमात एक दृश्य विरघळून दुसरं येतं, तेव्हा ते फिल्मवरून फिल्मवर चित्र उतरवणाऱ्या ऑप्टिकल प्रिंटरवर केलेलं असायचं. म्हणजे त्या तुकड्याची एक जास्तीची प्रत काढलेली असायची. म्हणून तिथे ग्रेन अचानक वाढतो, कॉन्ट्रास्ट बदलतो आणि बदल संपल्यावर चित्र पुन्हा स्वच्छ होतं. चालत्या दृश्यावर आलेल्या श्रेयनामावलीतही तसंच. हा फरक तुम्हाला टीव्हीवर स्पष्ट दिसला तर निश्चिंत व्हा, प्रत प्रामाणिक आहे. लोक नेमके याच जागी “बघा, चित्र खराब झालं” म्हणतात.

७. डिस्क विकत घेताना

सोलापुरात आता सिनेमाच्या ब्लू-रे दुकानात मिळतील ही आशा सोडा. ऑनलाइन मागवा, बरेचदा परदेशातून, आणि किमतीवर कस्टम ड्युटी व पाठवणीचा खर्च धरूनच हिशेब करा.

आधी रीजन कोड, म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारं कुलूप. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात आहे. अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’. अमेरिकेची ‘ए’वर कुलूप असलेली डिस्क तुमच्या ‘सी’ प्लेअरवर चालणार नाही. डीव्हीडीला आपला क्रमांक ५. फोर-के ब्लू-रेला रीजन नसतो, पण त्याच डब्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो. परदेशातल्या भाच्याला “येताना घेऊन ये” सांगण्याआधी हे बघा; त्याला परत करायला जाता येत नाही.

दुसरं, डब्यावरच्या शब्दांवर जाऊ नका. ‘डिजिटली रिमास्टर्ड’ म्हणजे काहीही असू शकतं. ‘मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नवा फोर-के स्कॅन’ असं लिहिलं असेल तर त्याला वजन आहे, कारण त्यात नेमका स्रोत सांगितलाय. त्याच सिनेमाच्या किती आवृत्त्या आल्या आणि कोणत्या वर्षी, तेही बघा. नवी ती चांगली असं समीकरण नाही. ‘प्रेडेटर’ची २०१० ची ब्लू-रे आधीच्यापेक्षा ‘स्वच्छ’ म्हणून आली आणि मेणाच्या चेहऱ्यांसाठी बदनाम झाली. ‘ग्लॅडिएटर’च्या २००९ च्या ब्लू-रेमध्ये सुरुवातीच्या लढाईतले काही बाणच पुसले गेले होते, पुढच्या वर्षी सुधारलेली प्रत आली. बाण एकेका फ्रेममध्ये नव्या जागी दिसतो ना, यंत्राला तो ओरखडा वाटला.

चांगलं काम कसं दिसतं ते बघायचं असेल तर सत्यजित राय यांची अपू त्रयी, २०१५ ची फोर-के आवृत्ती बघा. तिच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या होत्या. शक्य तेवढी रिळं इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत दुरुस्त करून स्कॅन केली आणि जिथे निगेटिव्ह वाचलीच नव्हती तिथे दुसऱ्या प्रती वापरल्या. म्हणून मध्येमध्ये ग्रेनची जात बदलते. ती बदलते हे त्यांनी लपवलं नाही.

विकत घेण्याआधी त्या आवृत्तीची मूळ आकारातली स्थिरचित्रं शोधा आणि कॉम्प्युटरवर बघा. मोबाईलवर सगळंच छान दिसतं. यूट्यूबवरचे ‘आधी आणि नंतर’ तुलनेचे व्हिडिओ याबाबतीत कुचकामी. यूट्यूब स्वतःच ग्रेन खातं.

फाईल असेल तर मीडियाइन्फोमध्ये टाकून ‘बिट रेट’ (सेकंदाला किती डेटा), ‘फ्रेम रेट’ (सेकंदाला किती फ्रेम) आणि ‘स्कॅन टाइप’ एवढ्या तीन ओळी वाचा. १०८० ची फाईल आणि बिट रेट दीड-दोन मेगाबिट असेल तर ग्रेनची अपेक्षा नको. स्कॅन टाइप ‘इंटरलेस्ड’, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींनी साठवलेलं, असेल तर हालचालीत कंगव्यासारखे दात दिसतील. तोही ग्रेन नव्हे.

८. घरातल्या रिळांचं आणि कॅसेटचं

हा भाग थोडा बाजूचा, पण विचारणारे बरेच आहेत. कपाटात आजोबांची ८ मिमीची रिळं किंवा लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट असतात आणि “जरा साफ करून पेन ड्राइव्हवर द्या” म्हणून त्या दुकानात जातात.

दोन्हींचा उपचार वेगळा. सुपर ८ ची फ्रेम जेमतेम ५.८ गुणिले ४ मिलिमीटर, म्हणजे ३५ मिमीच्या फ्रेमपुढे चिमुकली. फिल्मवरचे कण त्याच मापाचे, पण टीव्हीवर कितीतरी पट मोठे होऊन येतात. तिथे दाणेदारपणा असणारच. काढायला गेलात तर आजीचा चेहराच जाईल. व्हीएचएसवर मात्र रंगाचा नॉईज थोडा कमी करायला हरकत नाही, कारण तो कॅसेटचा दोष आहे, चित्राचा नाही.

थोडा म्हणजे थोडाच. ओळखीतल्या एका घरची सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची जुनी कॅसेट एका दुकानातून ‘एआयनं साफ’ होऊन आली. नंदीध्वज झळझळीत, फेटे झळझळीत. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा सुरू होतो, हजारो हात वर जातात, आणि हवेत एकही अक्षता नाही. हात रिकामेच खाली येतात. एकेका फ्रेमपुरता चमकणारा पांढरा ठिपका, ग्लॅडिएटरचा बाण गेला तसाच गेला. मूळ कॅसेट घरात होती म्हणून पुन्हा उतरवता आली.

दुकानात जाताना हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या:

- फिल्म असेल तर एकेक फ्रेम स्कॅन करता, की पडद्यावर लावून कॅमेऱ्यानं टिपता? दुसरं असेल तर दुसरीकडे जा.
- काहीही साफसफाई न केलेली मूळ फाईल वेगळी देणार का? साफ केलेली प्रत हवीच असेल तर तीही घ्या, पण मूळ आधी.
- वेग किती धरणार? साधी ८ मिमी बहुधा सेकंदाला १६ फ्रेमनं आणि सुपर ८ बहुधा १८ नं काढलेली असते. २५ नं चालवली तर माणसं तुरुतुरु पळतात.
- मूळ रीळ किंवा कॅसेट परत मिळणार ना?

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा पाया खराब व्हायला लागलाय. अशी फिल्म जुन्या प्रोजेक्टरवर चालवून बघू नका, तुटेल. आधी स्कॅनला द्या आणि बाकीच्या रिळांपासून लांब ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णता व दमटपणा या दोन्हींनी ही सडण लवकर वाढते. त्यामुळे रिळं पत्र्याखालच्या माळ्यावर नकोत, खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा, डबा आडवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. स्कॅन झालेल्या मूळ फाईलची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फाईलच्या नावात वर्ष आणि प्रसंग लिहा, आणि घरातली वडीलधारी माणसं समोर आहेत तोवर कोण कोण दिसतंय ते विचारून घ्या.